बाबांचा उजवा कान

९ फेब्रुवारी, सोमवार

अंथरुणं आवरताना बाबांच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग दिसला. लहानच, पण ओला. आजूबाजूला जुने, धुऊनही न गेलेले तपकिरी डाग होते. म्हणजे आई हे बरेच दिवस गुपचूप धुते आहे.

विचारलं तर बाबा म्हणाले, "गवत कापताना खडा उडाला."

"कधी?"

"मागे कधीतरी."

"मागे म्हणजे?"

"पंचनामा करतेस का माझा? डबा दे, उशीर होतोय."

मी त्यांना दारातल्या उजेडाकडे वळवलं. उजव्या कानाच्या वरच्या कडेवर वाटाण्याएवढी खरखरीत गाठ आहे. तिच्यावर पिवळट खपली, आणि खपलीच्या बुडाशी रक्ताची बारीक रेघ. बोट लावलं तर त्यांनी डोकं झटकन मागे घेतलं. एकदा पायावर लोखंडी झाकण पडलं होतं तेव्हा या माणसाने हूं की चूं केलं नव्हतं.

"मी मलम लावते आहे," आई म्हणाली. "खपली धरते, पडते, परत धरते."

"केव्हापासून?"

आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी चपलांकडे.

"थंडीच्या आधीपासून."

बाबा खेळाच्या मोठ्या मैदानाची देखभाल करतात. गवत कापणं, पाणी मारणं, धावपट्टीवर पांढऱ्या रेघा ओढणं. तीस वर्षं झाली. तिथे सावली आहे ती फक्त प्रेक्षकांना. मी शहराच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे ताप मोजण्यापासून विजेच्या बिलापर्यंत सगळ्यात माझं मत विचारलं जातं आणि ऐकलं जात नाही. आज मात्र मी ऐकवणार आहे. त्वचेच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली.

गाठ बरी होत नसेल, तर का होत नाही, या प्रश्नाची उत्तरं मी दुपारी फोनवर वाचली. वाचायला नको होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यात गर्दी होती. मी खिडकीपाशी नाव नोंदवत होते तेव्हा बाबा भिंतीवरच्या एका मोठ्या चित्रासमोर उभे होते. उन्हापासून जपण्याबद्दलचं चित्र होतं, तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या घातलेली माणसं, काहींवर बरोबरची खूण, काहींवर फुली. बाबा एरवी भिंतीवरचं काही वाचत नाहीत. आज इतका वेळ वाचत उभे राहिले की मला बरं वाटलं. माणूस गंभीरपणे घेतोय. परत आले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून, घडी घालून, पँटच्या खिशात कोंबलेली होती.

"अहो बाबा, चोच मोडेल तिची!"

"मोडत नाही."

ती माझ्या कॉलेजची टोपी आहे. निळी, पुढे चोच, चोचीच्या वर कॉलेजचं नाव पांढऱ्या दोऱ्याने भरलेलं. पदवी मिळाली त्या दिवशी मी त्यांना घेऊन दिली आणि तेव्हापासून, म्हणजे गेली चार वर्षं, ती त्यांच्या डोक्यावरून उतरलेली नाही. त्याआधी ते आईने शिवलेली एक अवाढव्य गोल टोपी घालायचे. जुन्या छत्रीचं कापड, कडेला तार. आम्ही तिला टोपलं म्हणायचो. मैदानावरचे शिट्टीकाका (ते मुलांना धावायला शिकवतात, त्यांच्या तोंडात शिट्टी नसेल तर ते ओळखू येत नाहीत) लांबूनच ओरडायचे, "आलं रे टोपलं, आता पाऊस पडला तरी चालेल!" माझ्या मैत्रिणी शाळेच्या स्पर्धांना यायच्या तेव्हा हसून हसून बेजार. कॉलेजची टोपी आली आणि आम्ही सगळेच त्या टोपल्यातून सुटलो.

डॉक्टरबाईंनी भिंगातून कान बघितला. मग दुसरा कान, मग नाक, मग मानेची मागची बाजू.

"उन्हात काम?"

"हो."

"डोक्यावर काय घालता?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "उघडंच असतं."

मी थक्क झाले. "काहीतरी काय बाबा? डॉक्टर, ते रोज टोपी घालतात."

"कधीमधी," बाबा म्हणाले. "लग्नाबिग्नाला जाताना."

लग्नाला! ती टोपी! मला हसू येईना आणि रागही आवरेना. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि लिहायला घेतलं. कान बधिर करून त्यांनी गाठीचा लहानसा तुकडा काढला. तो कुपीत पडला तेव्हा मला आमचे नमुने आठवले. झाकण नीट लावलंय ना, चिठ्ठी बरोबर आहे ना, हे मी दोनदा वाचलं.

बाहेर आल्यावर बाबांना बोलले. डॉक्टरांशी खोटं बोलायचं नसतं. नमुना चुकीचा दिला तर निकालही चुकीचाच येणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चहा घेऊ या का?"

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कर्करोग आहे.

त्वचेचा. त्याचं लांबलचक नाव आहे, ते मी पाठ केलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, लवकर काढला तर बहुतेक वेळा तिथेच संपतो. पण कानावरचा जरा चपळ असतो, कधीकधी मानेतल्या गाठींपर्यंत जातो, म्हणून वेळ घालवायचा नाही.

बहुतेक वेळा. कधीकधी. या शब्दांचा मला आज पहिल्यांदा राग आला. मी स्वतः रोज असेच शब्द लिहिते.

निकाल आणायला मी आणि आईच गेलो होतो. घरी येताना आई बसमध्ये माझ्या कानाशी म्हणाली, "त्यांना तो शब्द सांगू नकोस. नुसती गाठ म्हण."

मी म्हटलं, शरीर त्यांचं आहे, त्यांना कळायलाच हवं. लपवालपवीने माणसाचा मान जातो. हे मी फार सुंदर बोलले, असं तेव्हा वाटलं. घरी जाऊन बाबांना समोर बसवलं आणि नाव घेऊन, समजावून, सगळं सांगितलं. शिकवल्यासारखं.

बाबा म्हणाले, "बरं."

मग उठून अंगणातल्या नळाचा वायसर बदलायला गेले. तो परवाच बदललेला होता.

आईने ताटं जरा आपटूनच मांडली. "शिकलीस ना," एवढंच म्हणाली.

मी बरोबर केलं. मी बरोबरच केलं आहे. पण जेवताना बाबांनी पाण्याचा पेला उचलला तेव्हा पाणी हलत होतं, हात नव्हे, असं मी स्वतःला सांगत होते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. यांचा आवाज फार मऊ आहे, त्यामुळे भीती जास्त वाटते. ते म्हणाले, एकदम मोठा तुकडा कापत नाहीत. पातळ थर काढायचा, लगेच गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, कुठल्या कडेला अजून रोग दिसतो ते शोधायचं, आणि फक्त तिथलाच पुढचा थर काढायचा. कड स्वच्छ येईपर्यंत. बाबा जागेच असणार, थरांच्या मधल्या वेळात पट्टी लावून बसून राहणार.

"म्हणजे किती कान जाईल?" मी विचारलं.

"ते कानच सांगेल," डॉक्टर म्हणाले.

"माझा कान आधीच कुणाचं ऐकत नाही," बाबा म्हणाले. डॉक्टर हसले. मी हसले नाही.

मग डॉक्टरांनी बोटांनी बाबांची मान चाचपली. कानाखाली, जबड्याच्या मागे. पुढे गेली बोटं, मागे आली, आणि एका जागी थांबली. परत गोल फिरली. परत थांबली.

"इथे एक गाठ लागतेय. कानाच्या जखमेमुळे सुजलेली असू शकते. सुई घालून तपासून घेऊ."

असू शकते.

बाबांना घरी पाठवून मी प्रयोगशाळेत गेले. चार नमुने घेतले आणि चौथ्याला लक्षात आलं की पहिल्या तिन्हींचं तापमान लिहिलंच नाही. सगळं टाकून पुन्हा केलं. आमच्या प्रमुख मॅडमनी काय झालं म्हणून विचारलं. सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज घरी जा." मी म्हटलं, घरी काय करू? त्या म्हणाल्या, "इथे तरी काय करते आहेस?"

४ मार्च, बुधवार

सुईच्या तपासणीचा निकाल: पेशी अपुऱ्या, पुन्हा नमुना घ्यावा.

बाबा म्हणाले, "म्हणजे पास की नापास?"

"पेपरच पोचला नाही," मी म्हटलं.

"मग परत देऊ. आम्हाला कुठे पहिल्या फटक्यात पास व्हायची सवय!"

ते विनोद करतात आणि मी रात्रंदिवस त्या गाठीचा विचार करते. टीव्ही बघताना त्यांचा हात नकळत मानेकडे जातो. मी बघितलं की खाली येतो. आता माझाही हात माझ्या मानेकडे जायला लागला आहे. मलाही एक गाठ लागते. आईला दाखवली तर ती म्हणाली, ते हाड आहे.

११ मार्च, बुधवार

दुसरा निकाल. "कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत."

आई पदराने डोळे पुसत देवघरापुढे जाऊन बसली. बाबांनी मला विचारलं, "म्हणजे नाहीये ना?"

आता मी काय करायला हवं होतं? आमच्या प्रयोगशाळेत मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवलंय: 'नाही' असं कधी लिहायचं नाही, 'आढळले नाही' असं लिहायचं. बाटलीत नसलं म्हणजे विहिरीत नसतं असं नव्हे. मी ते बाबांना सांगितलं. सुई जिथे गेली तिथे सापडलं नाही, एवढंच आपण म्हणू शकतो. डॉक्टर दर तीन महिन्यांनी मान तपासणारच आहेत.

"अगं, एकदा 'नाही' म्हण ना!" आई देवापुढून ओरडली. "काय जातं तुझं?"

"मला खात्री नसताना कसं म्हणू?"

"राहू दे," बाबा म्हणाले. "ती बरोबर बोलते."

त्यानंतर घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मी खरं बोलले आणि घर असं झालं. खरं बोलण्यात काहीतरी मला अजून येत नाही का? की भीती वाटते म्हणून मी आकड्यांच्या मागे लपते? हे फक्त इथेच लिहिते आहे.

१२ मार्च

दारामागच्या खुंटीवर बाबांची निळी टोपी नाही. विचारलं तर बाबा म्हणाले, धुवायला टाकली. आई म्हणाली, टाकली नाही. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

बाबा आज उघड्या डोक्याने कामावर गेले. ते म्हणाले होते तेच आता खरं करून दाखवतायत की काय! मी हौसेने दिलेली एकच वस्तू, तीसुद्धा नकोशी झाली. मी रागावलेय हे मान्य आहे. कदाचित तो शब्द मी तोंडावर सांगितला त्याचा राग त्यांनी टोपीवर काढला असेल.

आईला तसं म्हटलं तर एकदम खेकसली, "त्या टोपीचं नाव काढू नकोस आता."

१७ मार्च, मंगळवार

आज झालं. लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

सकाळी बाबांना खुर्चीवर आडवं केलं, कान बधिर केला, चेहऱ्यावर हिरवं कापड. मला पहिल्या थरापर्यंत दाराशी थांबू दिलं. दिसत काही नव्हतं, फक्त डॉक्टरांची पाठ आणि बाबांचे पाय. बाबांनी नवे मोजे घातले होते. डॉक्टर म्हणाले, "आता थोडा आवाज येईल." मला काही ऐकू आलं नाही. पण बाबांची पायाची बोटं मोज्यात आवळली गेली आणि तशीच राहिली.

पट्टी लावून बाहेर आणलं. मी विचारलं, दुखलं का?

"दुखलं नाही. पण कानातच कापतात ना, सगळं आतून ऐकू येतं. कोवळी काकडी कातरतात तसं." मग थोड्या वेळाने, "आईला हे सांगू नकोस."

बसलो. समोर एक घड्याळ होतं, ते मुद्दाम तिथे कुणी लावलं असेल? त्या खोलीत अजून दोन माणसं पट्ट्या लावून बसली होती, एकाच्या नाकावर, एकीच्या कपाळावर. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वर.

नर्स आली. "अजून एक थर, काका."

बाबा उठले. पाय थोडा अडखळला तर म्हणाले, "बसून बसून मुंग्या आल्या."

दुसऱ्या थरानंतर ते विनोद करेनासे झाले. हात माझ्या हातात दिला नाही, पण खुर्चीच्या दांडीवर माझ्या हाताला लागून ठेवला. त्यांचा पंजा केवढा खरखरीत आहे, आणि आज गार. मी मनात हिशोब मांडत होते: दोन थर म्हणजे एवढा गेला, तिसरा म्हणजे एवढा जाईल, मग चष्मा कशावर राहील? आणि तीन थरांनीही कड स्वच्छ नाही आली तर? कुठपर्यंत कापत जातात? कान संपल्यावर?

नर्स पुन्हा आली. "अजून एकच छोटासा, काका, मागच्या बाजूला."

बाबा म्हणाले, "मुली, संपत नाहीये का हे?" नर्सला नव्हे, मला. आणि मला एक शब्द सुचला नाही. एवढी शिकले, आणि एक शब्द नाही.

तिसऱ्यानंतर वाट बघताना मी डोळे मिटले होते. डॉक्टर स्वतः बाहेर आले. मऊ आवाजात म्हणाले, "कड स्वच्छ आहे. सगळीकडून."

मी विचारलं, "सगळीकडून बघितलं? खालूनही?"

"खालूनही. हवं तर येऊन बघ."

मी गेले! सूक्ष्मदर्शकात डोकावले. निळ्या-गुलाबी रंगाची गल्लीबोळं होती, मला त्यातलं काही ओळखता आलं नाही. पण त्यांनी बघू दिलं हे मला फार मोठं वाटलं.

मग कान बांधायचं काम. वरचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला आहे. कानामागची कातडी सोडवून पुढे ओढली आणि कडेला शिवली. तिला रक्त पाठीमागूनच मिळतं, म्हणून तीन आठवडे कान डोक्याला शिवलेलाच राहणार, मग सोडवणार. बाबांच्या डोक्याला केवढं मोठं मुंडासं बांधलंय. आईने दार उघडलं, बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, युद्धावरून आलात का?" आणि रडायला लागली.

१९ मार्च, गुरुवार

दुपारी बाबांची पट्टी लाल व्हायला लागली. आधी नाण्याएवढी, बघता बघता तळहाताएवढी. आई बाहेर गेली होती. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धर, पंधरा मिनिटं, मध्ये अजिबात उचलून बघायचं नाही. उचललं की सुरुवात पहिल्यापासून.

मी दाबलं. बाबा खुर्चीवर, मी मागे उभी. फडक्यातून माझ्या बोटांना ऊब लागत होती. ती ऊब म्हणजे रक्त की त्यांचं अंग, कळत नव्हतं. शिवलेली कातडी सुटली असेल तर? मी दाबून ती मारत असेन तर? बाबांची मान माझ्या हाताबरोबर हलत होती.

"थांबलं का गं?" बाबांनी विचारलं. आवाज लहान मुलासारखा.

मी फडकं उचललं नव्हतं. मला काहीही दिसत नव्हतं.

"थांबलं," मी म्हटलं.

त्यांचे खांदे खाली आले. माझ्या हाताखाली सगळा माणूस सैल पडला.

वेळ भरल्यावर उचलून बघितलं तर खरंच थांबलं होतं. पण मी म्हटलं तेव्हा मला ते माहीत नव्हतं. ही साधी गोष्ट मी दुपारपासून मनात घोळवते आहे. मी बघितल्याशिवाय निकाल दिला.

२५ मार्च, बुधवार

शिट्टीकाका भेटायला आले. शिट्टी गळ्यात, हातात फळं. बाबांकडे बघून म्हणाले, "अरे, कान डोक्याला शिवला? आता तुझ्या एका कानातून शिरलेलं दुसऱ्यातून बाहेर कसं जाणार?"

"म्हणून तर तुझं काही आत घेत नाही," बाबा म्हणाले.

किती दिवसांनी घरात हसणं ऐकलं. काका म्हणाले, मैदानावरच्या रेघा नव्या माणसाने ओढल्या, सगळ्या वाकड्या, मुलं नागासारखी पळतायत. बाबांना ते ऐकून फार बरं वाटलं, चेहऱ्यावर दिसलं.

जाताना काका सहज म्हणाले, "तुझं ते टोपलंच बरं होतं, गड्या." आणि आईने एकदम, अगदी तोडून, विचारलं, "चहा अजून घेणार का?" काका गांगरले. नको म्हणाले आणि गेले. पाहुण्याशी असं बोलतात का?

७ एप्रिल, मंगळवार

आज कान सोडवला. काम छोटंच होतं. डॉक्टरांनी बाबांच्या हातात आरसा दिला. बाबांनी बराच वेळ बघितलं. कान आधीपेक्षा लहान आहे, वरून चपटा, आणि नवी कातडी गुलाबी, दुसऱ्या कुणाची आणून लावल्यासारखी. पण कान आहे. चष्मा राहतो.

"आला होता मोठा, राहिला छोटा," बाबा म्हणाले. "वय झालं की सगळेच आखडतात."

मग डॉक्टर मान तपासू लागले. माझं सगळं लक्ष त्यांच्या बोटांकडे. ती त्या जागेपाशी आली. ते बोलता बोलता तपासत होते, पुढे काय काळजी घ्यायची ते सांगत होते, की उन्हात मलम लावा, चारी बाजूंनी मोठी कड असलेली टोपी घाला, पुढे नुसती चोच असते ती कामाची नाही, कान उघडे पडतात, आणि मी मनात म्हणत होते, थांबू नका, थांबू नका, पुढे जा. बोटं थांबली. दाबलं. सोडलं. "उतरलीय," ते म्हणाले. "आधीच्या निम्मीही नाही. सूजच होती ती." मी भिंतीला टेकले.

तेवढ्यात बाबांनी भलतंच विचारलं. "डॉक्टर, हे ऊन किती वर्षांचं?"

"अहो, वीस-तीस वर्षांचं तरी. तरुणपणापासून साठत आलेलं."

"म्हणजे चार वर्षांत होणारं हे नव्हे?"

"छे. चार वर्षांत कुठलं!"

"हिला सांगा," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून, पहिल्यापेक्षाही मऊ आवाजात, तेच पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत आहे, मी वाचलंय.

बाहेर आल्यावर बाबा जिन्यात थांबले. "ऐकलंस ना काय म्हणाले ते? तीस वर्षांचं. तरुणपणापासूनचं."

"ऐकलं हो बाबा."

"लक्षात ठेव मग."

माझी परीक्षा घेतायत जणू. म्हातारपणी माणूस एकच गोष्ट धरून बसतो, ते हेच असावं.

२० एप्रिल, सोमवार

आज बाबा पुन्हा कामावर गेले.

मी त्यांच्यासाठी बाजारातून चारी बाजूंनी कड असलेली टोपी आणायची म्हणत होते, राहून गेलं. पण सकाळी आई स्टुलावर चढली आणि माळ्यावरून एक जुन्या साडीत बांधलेलं गाठोडं काढलं. टोपलं! कापड धुतलेलं, तार नवी घातलेली. शिलाई ताजी होती. आईने हे कधी केलं, मला पत्ता नाही.

"हे घालणार तुम्ही?" मी हसले. "शिट्टीकाका आता सोडत नाहीत."

"ओरडू दे," बाबा म्हणाले आणि ते डोक्यावर ठेवून दारात उभे राहिले, चपला घालायला वाकले, सरळ झाले. बाहेरचं ऊन तिरपं त्यांच्या अंगावर पडलं होतं. टोपल्याची सावली कपाळावरून खाली आली, गालावर आली, आणि दोन्ही कान तिच्यात बुडाले. नवा गुलाबी कान आणि जुना, दोन्ही. सावली पार मानेपर्यंत.

मी बघत राहिले.

ते चित्र. टोप्या घातलेली माणसं, बरोबरच्या खुणा आणि फुल्या. खिशात कोंबलेली निळी टोपी. "काही नाही, उघडंच असतं." आई, "त्या टोपीचं नाव काढू नकोस." चोच असते ती कामाची नाही. चार वर्षांत होणारं हे नव्हे? हिला सांगा.

तीस वर्षांचं ऊन, मान्य. डॉक्टर खोटं सांगणार नाहीत. पण त्यातली शेवटची चार वर्षं मी दिलेली होती, कॉलेजचं नाव भरून. आणि हे दोघं दोन महिने, कापाकापी चालू असताना, रक्त येत असताना, मानेत ती गाठ असताना, मला त्यातून वाचवत बसले होते. त्यांना माझ्यासाठी भीती वाटत होती आणि मी त्यांना नमुन्याबद्दल शिकवत होते.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार निरखून बघितलं. टोपल्याच्या सावलीतून त्यांचे डोळे घाबरलेले दिसत होते. खुर्चीवर आडवं करतानाही ते इतके घाबरले नव्हते.

"तुझी ती निळी टोपी आहे हं कपाटात," ते म्हणाले. "ग्राउंडवर मळते, म्हणून ठेवून दिली. लग्नाबिग्नाला घालीन."

सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. खरं ते बोलायचं, एवढंच तर मला येतं.

"मळतेच ती," मी म्हटलं. "पांढरा दोरा आहे ना."

"तेच तर."

"पण लग्नात टोपी घालून माझी अब्रू काढू नका."

ते हसले. खांदे खाली आले, त्या दिवशी फडक्याखाली आले होते तसेच. डबा घेतला आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत ते टोपलं हलताना दिसत होतं. मैदान जवळच आहे. थोड्या वेळाने लांबून शिट्टी वाजली, एक नाही, दोन-तीन, आणि कुणीतरी काहीतरी ओरडलं.

आईने मागून विचारलं, "काय गं, काय झालं? डोळ्यात काय गेलं?"

"काही नाही," मी म्हटलं.

जूनमध्ये मान पुन्हा तपासायची आहे. ती भीती आहे, राहील. बाकी आजची नोंद प्रयोगशाळेच्या शिरस्त्याप्रमाणे अशी: मुलीला टोपीबद्दल काही समजल्याचे आढळले नाही.